घट्ट, पण सैल

डिस्क फेकायला ताकद लागत नाही, असं सांगणारी माणसं नेमकी डिस्क डोळ्यांआड होईल इतकी लांब फेकत असतात. माझी डिस्क निघते जोरात, चढते डौलात आणि अर्ध्या वाटेत एकाएकी विचारात पडते. मग डावीकडे वळून जवळच्याच झुडपात बसून घेते. यावर डिस्क गोल्फ, म्हणजे तबकडी फेकत फेकत साखळ्यांच्या बास्केटमध्ये पोचवायचा खेळ, खेळणाऱ्या प्रत्येकाचं निदान एकच असतं: ग्रिप, म्हणजे पकड. डिस्क थरथरत गेली? ग्रिप. खांदा दुखतोय? ग्रिप. पाऊस आला? तेव्हा तर खरोखरच ग्रिप.

वस्तू तशी काहीच नाही. साधारण 21 सेंटिमीटर व्यासाची, पावणेदोनशे ग्रॅमच्या आतबाहेरची प्लॅस्टिकची तबकडी. ती धरायला माणसाला पाच बोटं मिळाली आहेत आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पॉवर ग्रिप म्हणजे चारही बोटं कडेखालून आत वळवायची, टोकं कडेच्या आतल्या बाजूला रोवायची, अंगठा वरून दाबायचा आणि कड तळव्यातल्या घडीत बसवायची. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात तर्जनी जागेवर गेली की करंगळी निसटते. करंगळीला परत आणावं तर मधलं बोट नको तिथे चढून बसतं. अनामिका कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे सगळे एकदाचे एकत्र आले की अंगठा विचारतो, मी नक्की कुठे दाबू? मध्याकडे की कडेवर? याचं उत्तर प्रत्येक खेळाडू वेगळं देतो आणि प्रत्येक जण ते शपथेवर देतो.

हौसेने घेतलेले ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायच्या डिस्क, या छळात भर घालतात. डिस्कवर वेगाचा आकडा छापलेला असतो. तो जितका मोठा तितकी कड रुंद आणि तितकी बोटांची पंचाईत. नियमाप्रमाणे कड 2.6 सेंटिमीटरपर्यंत रुंद असू शकते. ज्यांनी हा नियम केला त्यांची बोटं लांब असणार. नवशिक्याने कमी वेगाची, अरुंद कडेची डिस्क घ्यावी, हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. म्हणूनच तो कुणी पाळत नाही. मोठा आकडा पिशवीत असला की निम्मं अंतर आपोआप कापलं जाईल असं वाटतं.

माझ्या मित्राने मला शिकवायचं मनावर घेतलं. तो सांगतो, ‘‘घट्ट धर.’’ मी धरतो. लगेच म्हणतो, ‘‘अरे, हात का आवळलास? मनगट सैल पाहिजे!’’ आता बोटं आवळायची आणि मनगट मोकळं ठेवायचं, तर बोटांचे स्नायू निघतात कोपराजवळून आणि जातात मनगटावरूनच. वाटेत मनगटाला कळू न देता निरोप बोटांपर्यंत पोचवायचा कसा? हात पहिल्यापासून आवळला तर त्याचा चाबूक होत नाही, नुसतं लाकूड फिरतं. सैल सोडला तर डिस्क लवकर सुटून डावीकडे जाते. हे उजव्या हाताच्या बॅकहँडचं झालं, डावखुऱ्यांनी दिशा बदलून वाचावं. फार वेळ धरून ठेवली तर ती उजवीकडे जाते. त्याला ग्रिप लॉक म्हणतात आणि हे नाव एवढ्या गंभीरपणे घेतात की डॉक्टरकडे जावंसं वाटतं.

‘‘सुरुवातीला सैल, अगदी शेवटच्या क्षणी घट्ट,’’ मित्र समजावतो. ‘‘आणि डिस्क सोडायची नाही. ती हातातून हिसकून गेली पाहिजे.’’ तत्त्व खरं आहे. हात पुढे येऊन थबकतो, डिस्क तर्जनी आणि अंगठ्याच्या चिमटीभोवती फिरून बाहेर पडते आणि पकड जितकी पक्की तितकी गिरकी जास्त मिळते. गिरकीशिवाय डिस्क हवेत स्थिर राहत नाही. फक्त तो शेवटचा क्षण कधी येतो, हे मला नेहमी तो गेल्यावर कळतं.

त्यात डिस्कला नाक असतं. नाक म्हणजे पुढची कड. फेकताना नाक वर राहिलं की डिस्क उंच चढते, वेग गमावते आणि वळून खाली येते. माझा झुडपाशी असलेला घरोबा या नाकामुळेच जुळला. उपाय पुन्हा ग्रिपमध्ये: किटलीतून ओतताना मनगट झुकतं तसं ते किंचित खाली ठेवायचं. जास्त झुकलं की डिस्क थेट पायाशी ओतली जाते.

या खेळातली साखळ्यांची बास्केट एड हेड्रिक यांनी शोधून काढलेली. 2002 मध्ये ते गेले आणि त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची रक्षा मिसळून काही डिस्क बनवल्या गेल्या. डिस्क कशी धरली जाते, हे दोन्ही बाजूंनी जाणणारा तेवढा एकच माणूस. मला त्यांना पुष्कळ विचारायचं होतं. डेव्हिड विगिन्स ज्युनियर यांना मात्र काही विचारायची हिंमत नाही. त्यांनी 2016 मध्ये नेवाडाच्या वाळवंटात 338 मीटर लांब डिस्क फेकली. पाठीशी वारा होता, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. वारा माझ्याही पाठीशी असतो, पण तो मलाच पुढे ढकलतो.

तरी सरावाने बोटांमध्ये थोडा समेट झाला. परवा एक डिस्क हातातून अशी हिसकून गेली की तर्जनी चुरचुरली. नाक खाली, गिरकी भरपूर, आवाजही वेगळाच. नेहमीचं झुडूप तिने ओलांडलं, त्याच्यामागची झाडं ओलांडली आणि उजवीकडच्या उंच गवतात, जिथे आजवर माझी एकही डिस्क पोचली नव्हती, तिथे ती गडप झाली.

‘‘पॉवर आली बघ!’’ मित्र टाळ्या पिटत म्हणाला.

‘‘आली खरी,’’ मी म्हटलं, ‘‘पण उतरली कुठे, ते पाहिलंस का?’’

त्याने पाहिलं नव्हतं. तो माझी ग्रिप बघत होता.