कावळा काही शिवेना

बँकेतून २००१ साली व्हीआरएस घेतली तेव्हा मी ५२ वर्षांचा होतो. भर दुपारी घरात बसलेला नवरा ही काय चीज असते, हे आमच्या हिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तीन आठवड्यांत मी मसाल्याचे डबे बाराखडीप्रमाणे लावून टाकले. चौथ्या आठवड्यात तिनेच पेपरातली जाहिरात कापून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवली : 'मल्टिमीडिया शिका! अ‍ॅनिमेशन, साउंड, व्हिडिओ, इंटरअ‍ॅक्टिव्ह सीडी. मुदत सहा महिने.' त्यातला 'मुदत' हा एकच शब्द माझ्या ओळखीचा होता.

क्लासमध्ये सगळे माझ्या मुलापेक्षा लहान. शिकवणारा जेमतेम तेविशीचा. मी त्याला 'सर' म्हणायचो, तो मला 'काका'.

"सर, हे परत एकदा सांगता का?"

"काका, कालच सांगितलं ना."

संपलं. पुतण्याने काकाला झापावं तसं.

प्रोजेक्टसाठी मी तहानलेला कावळा घेतला. एक पक्षी, एक मडकं, चार खडे. कमी जोखमीचं प्रकरण म्हणून लगेच मंजूर केलं. मुलांनी खड्यावर क्लिक करायचं, कावळ्याने तो उचलून मडक्यात टाकायचा, पाणी बोटभर वर यायचं.

फ्लॅश या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तेव्हा, आपण बदललं नाही तर, सेकंदाला १२ फ्रेम म्हणजे १२ चित्रं असत. पहिल्या फ्रेमला कावळा फांदीवर ठेवा, २४व्या फ्रेमला मडक्यावर ठेवा, मधलं उड्डाण ट्वीनिंग आपोआप भरतं. हे मला फार आवडलं. ओपनिंग आणि क्लोजिंग बॅलन्स साहेबाने द्यायचा, मधल्या नोंदी क्लार्कने करायच्या! पण हा क्लार्क भलताच नियमावर बोट ठेवणारा निघाला. एका लेयरवर, म्हणजे थरावर, एकच सिंबॉल (एकसंध बांधलेलं चित्र) असेल तर तो हात लावणार. माझ्या कावळ्याची चोच चुकून सिंबॉलच्या बाहेर राहिली होती. टाइमलाइनवर, म्हणजे फ्रेमच्या पट्टीवर, बाणाऐवजी तुटक रेघ आली आणि कावळा २३ फ्रेम ढिम्म बसून २४व्या फ्रेमला एकदम मडक्यावर प्रकट झाला. मग मी चोच वेगळ्या लेयरवर टाकली. आता कावळा उडाला, चोच फांदीवर.

दादासाहेब फाळक्यांनी एकेक फ्रेम घेऊन वाटाण्याचं रोप पडद्यावर वाढवून दाखवलं होतं. फाळक्यांचं रोप महिन्याभरात वाढलं. माझ्या कावळ्याला महिन्याभरात मान वळवता आली नाही.

मग आवाजाचा प्रश्न आला. सर म्हणाले, आवाज स्वतः रेकॉर्ड करून आणा, त्याचे मार्क आहेत. एरवी सकाळी सहाला खिडकीत कोकलणारे कावळे मी टेपरेकॉर्डर घेऊन गच्चीत उभा राहिल्यापासून परगावी गेले. पोळी ठेवली, भात ठेवला, शेव ठेवली. शेवटी हीच म्हणाली, "अहो, कावळे हवेत तर ओंकारेश्वरावर जा की." गेलो. पुण्यातल्या या देवळापाशी नदीच्या घाटावर कोणाचं तरी दहाव्याचं चाललं होतं. पिंडाला कावळा शिवत नव्हता, पण झाडावर ही गर्दी, हा कलकलाट. मी लांब कठड्यापाशी, लाजत का होईना, बरोबर एक मिनिट रेकॉर्डिंग केलं आणि घरी येऊन अंघोळ केली. पहिले दहा सेकंद ऐकून पाहिले. उत्तम काव काव. पुढचं ऐकलं नाही.

हा आवाज पहिल्या फ्रेमला जोडला. माझी टाइमलाइन पाच सेकंदांची. ती संपली की फ्लॅश न सांगता परत पहिल्यापासून सुरू होतो, आणि प्रत्येक फेरीला आवाज नव्याने चालू. पहिली काव संपायच्या आत दुसरी, दुसरीच्या डोक्यावर तिसरी. मी चक्रवाढ व्याजाने कावळे निर्माण करत होतो. शेजारच्या मुलीने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. सर धावत आले आणि शेवटच्या फ्रेमला एक ओळ लिहून गेले : स्टॉप, कंस सुरू, कंस बंद, अर्धविराम. कंसात काहीच नाही. बँकेत असा रिकामा कंस दिसला असता तर ऑडिटरने त्यावर अर्धं पान लिहिलं असतं.

व्हिडिओसाठी हिने काचेच्या बरणीत पाव भाग पाणी घेतलं आणि कुंडीतले खडे टाकायला बसली. भाच्याचा हँडीकॅम चालू. बरणी खड्यांनी गच्च झाली, पाणी मात्र अर्ध्याच्या जरासं वर, फटींत दडून बसलेलं. पिढ्यान् पिढ्या सांगितलेली गोष्ट आमच्या डायनिंग टेबलावर खोटी पडत होती! "मडकं आधी निम्मं भरलेलंच असणार," ही म्हणाली. म्हणजे मार्जिन मनी, कर्जदाराने आधी पदरचे घालायचे पैसे, आलाच. दुसऱ्या टेकला अर्धी बरणी पाणी घेतलं आणि कावळ्याची अब्रू राखली. पण चित्रण झालं ११ मिनिटांचं, त्या कॅमेऱ्याचं मिनिट २०० एमबीहून मोठं आणि सीडी ७०० एमबीची. दाबून दाबून शेवटी पोस्टाच्या तिकिटाएवढी बायको उरली. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

परीक्षेला बाहेरून एक गंभीर गृहस्थ आले. त्यांनी खड्यावर क्लिक केलं, कावळा चोचीसकट उडाला, पाणी चढलं, टाइमलाइन थांबली. पण आवाज टाइमलाइनचं ऐकत नाही. तो मिनिटभर चालणारच होता. काव काव संपली आणि स्पीकरमधून एक रडवेला आवाज आला : "धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ, काळजी करू नका!" क्षणभर शांतता. मग दहा-बारा जण एकदम : "शिवला! शिवला!"

गृहस्थांनी ध्वनीला पूर्ण मार्क दिले.

३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअर बंद झाला आणि माझी सीडी चहाचा कप ठेवायच्या कामाला लागली. परवा नातीने तिच्यावरचे डाग पुसले, कुठून तरी ड्राइव्ह मागून आणला, जुन्या फ्लॅशच्या फायली चालवणारं रफल नावाचं काहीतरी लॅपटॉपवर घातलं आणि कावळा उठला. तिने चारही खडे टाकले. मिनिटभर ऐकत बसली.

"आबा, मग झालं का त्या धाकटीचं लग्न?"