खिडकीमागे दहा रुपये

तिसऱ्या माळ्याच्या सज्ज्यावर एक पाय आणि शिडीवर एक पाय ठेवून मी काच पुसतो, तेव्हा मला भीती वाटत नाही. भीती वाटते खाली उतरल्यावर. गिऱ्हाईक पर्स उघडत विचारतं, "किती झाले भाऊ?" आणि मला म्हणायचं असतं, "पुढच्या खेपेपासून खिडकीमागे दहा रुपये जास्त." तोंडातून निघतं ते, "द्या तुमच्या हिशोबानं."

खिडक्या पुसण्याचा हा धंदा मी २०१९ मध्ये सुरू केला. नागपुरात मेट्रो धावायला लागली तेच वर्ष. भाव ठरवला खिडकीमागे ५० रुपये. पुढे मेट्रो ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाऊन पोचली, माझा भाव मात्र सीताबर्डीलाच उभा. २०२१ मध्ये पेट्रोलनं शंभरी गाठली. वायपरचं रबर महागलं, लिंबूसत महागलं. मी आपला पन्नास.

भाव वाढवायचा नव्हता असं नाही, महिना सापडत नव्हता. पाडव्याला नव्या वर्षाची सुरुवात कटकटीनं कशाला? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की नागपूरकराला "नमस्कार" म्हटलं तरी तो अंगावर येतो. जूनमध्ये सगळ्यांच्या शाळांच्या फिया. पावसाळ्यात लोक म्हणतात देवच धुऊन देतो. पितृपक्षात नवं काही करू नये, दिवाळीच्या तोंडावर लुटू नये. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं. त्याचा माझ्या खिडक्यांशी काही संबंध नाही, पण तोपर्यंत मला कारणं शोधायची सवय लागली होती.

आणि काम म्हणाल तर नागपूरची खिडकी नुसती धुळीची नसते. एप्रिल उजाडला की तिच्या पुढ्यात लोखंडी स्टँडवर कूलर येऊन बसतो. त्यात बोअरचं पाणी. दोन-अडीच महिने तो काचेवर तुषार उडवत राहतो आणि कूलर निघाला की मागे पांढरा थर उरतो, किटलीच्या बुडाशी बसतो तसा. साबणाला तो दाद देत नाही. लिंबूसताचं पाणी मारायचं, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा मारायचं, मग पातं तिरकं धरून अलगद खरवडायचं. जरा हात जड पडला की काचेवर ओरखडा आणि आपल्या खिशावरही. ही एक खिडकी तीन खिडक्यांचा वेळ खाते. भाव? पन्नास.

शेवटी भाच्यानं मनावर घेतलं. तो सीए करतोय, त्यामुळे घरातल्या कोणाचंही दुःख त्याला आकड्यात दिसतं. म्हणाला, "मामा, सहा खिडक्या पन्नासनं, तीनशे. पाच खिडक्या साठनं, तेही तीनशे. म्हणजे सहातलं एक गिऱ्हाईक पळालं तरी गल्ला तोच, वरून एका घरची शिडी वाचली." मी जीएसटीची शंका काढली. तो म्हणाला, "सेवेच्या धंद्याला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. तुमच्या दोन पिढ्या निश्चिंत आहेत."

सहातलं एक पळणार, हे ऐकून मला आतून बरं वाटलं. कोण पळणार ते मी त्याच रात्री ठरवूनही टाकलं. धरमपेठेतल्या काकू. मी शिडी गाडीला बांधून किक मारली की वरून हाक येते, "भाऊ, ही काच जरा उन्हाकडून पाहा बरं." मी मनातल्या मनात त्यांना निरोप दिला. थोडं भरूनही आलं.

मग व्हॉट्सॲपचा मजकूर. पहिला खर्डा मी असा सुरू केला : "आपणास कळविण्यास अत्यंत दुःख होते की..." बायकोनं डोकावून विचारलं, "कोण गेलं?" दुसऱ्या खर्ड्यात पेट्रोल, रबर, लिंबूसत, गुडघे अशी सगळी कारणं घातली, तर तो कर्जमाफीचा अर्ज वाटायला लागला. बायकोनं फोन हातात घेतला, सगळं पुसलं आणि लिहिलं : "१ ऑक्टोबरपासून खिडकीमागे ६० रुपये."

"नमस्कार तरी?"

"नमस्कार लिहिला की लोक बोलायला लागतात."

पाठवायला दिवस निवडला तान्हा पोळ्याचा. सकाळी अख्खं नागपूर मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत, फोन बघणार कोण? मीही इतवारीत जाऊन उभा राहिलो आणि गर्दीतूनच बटण दाबलं. एक गोष्ट मी विसरलो होतो. १८८१ पासून निघणारी काळी मारबत आणि तिच्यामागोमाग सुरू झालेली पिवळी, या दोघी शहराची इडापिडा नेतात, पण त्यांच्यासोबत बडगे नावाचे पुतळेही असतात. आणि बडग्याच्या गळ्यात त्या-त्या वर्षाच्या डोकेदुखीची पाटी असते. माझ्या नाकासमोरून गेला तो महागाईचा बडग्या. लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "घेऊन जा गे मारबत!" त्यात माझाही आवाज होता. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. काकूंनी त्याच बडग्याचा फोटो पाठवला होता. खाली एक अक्षर नाही.

पण पळालं कोणीच नाही. सगळ्यांनी "हाव" म्हटलं, आणि प्रत्येक हावच्या शेपटाला एक शब्द बांधलेला होता : त्यातच. "साठ तं साठ भाऊ, पण मच्छरजाळ्या त्यातच." "ठीक आहे, कूलरचं स्टँड त्यातच पुसजा." त्रिमूर्तीनगरच्या दादांनी तीन पल्ल्यांची स्लायडिंग एकच खिडकी ठरवली. बेसाच्या फ्लॅटमध्ये तर गॅलरीचा अख्खा काचेचा दरवाजा दाखवून सांगण्यात आलं, "ही खालपर्यंत आलेली खिडकी समजा." भाच्याच्या हिशोबात "त्यातच"ला रकानाच नव्हता.

काकू सगळ्यात गोड बोलल्या. "वाढवा ना जी, तुम्हालाही पोट आहे." मी खूश होऊन आठही खिडक्या आरशासारख्या केल्या आणि सवयीनं ओट्याकडे पाहिलं. पाच वर्षं या घरी काम झालं की तर्री-पोहे आणि चहा यायचा. आज आला पाण्याचा पेला. "फ्रिजचं देऊ का साधं?" आणि मागोमाग, "संडास-बाथरूमच्या व्हेंटिलेटरच्या पट्ट्या तेवढ्या घ्या. एवढंसं तर आहे, त्यातच." दोन व्हेंटिलेटर, एकेकाला सात पट्ट्या, पट्टीला दोन बाजू. वाढले ८० रुपये. टपरीवरचे पोहे आणि चहा वजा जाता, अठ्ठावीस बाजूंसाठी चाळीस.

म्हणून मी बाथरूमच्या मागच्या बाजूला शिडीवर होतो, वायपरचा दांडा दातात धरून. ऑक्टोबरचं ऊन, पश्चिमेची भिंत, साबण लावला की वाळलाच. समोरच्या गॅलरीतून एका वहिनींनी विचारलं, "काय भावानं करून राहिले जी हे?"

मी दांडा तोंडातून काढेपर्यंत खालून काकूंचा आवाज चढला, "पन्नास! आपले घरचेच आहेत ते. माझं नाव सांगजा."

माझं वाक्य तयार होतं. नव्या भावाचं, तारखेसकट. पण पट्टीवर साबण वाळत होता, आणि तो वाळला असता तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं. मी आधी वायपर ओढला. मान वळवली तोवर वहिनी कठड्यावर पुढे झुकल्या होत्या.

"मग उद्याच या भाऊ. आमच्या अकरा आहेत. व्हेंटिलेटर त्यातच ना?"