बजेटला कशाला दोष?
ख्रिस्ती श्रद्धापटांवरच्या, म्हणजे धर्मश्रद्धेचा संदेश देणाऱ्या सिनेमांवरच्या, एका लेखात त्यांच्या कच्चेपणाचं खापर कमी बजेटवर फोडलंय, ते काही पटलं नाही. 'फायरप्रूफ' (२००८) अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या एका बाप्टिस्ट चर्चने जेमतेम ५ लाख डॉलरमध्ये, सभासदांना हाताशी धरून काढला. त्यातला नवरा पॉर्नच्या नादातून सुटायला कॉम्प्युटर बाहेर आणून बॅटने फोडतो आणि शेजारी बघतच राहतो, तो प्रसंग झकास जमलाय. 'गॉड्स नॉट डेड'मध्ये (२०१४) मात्र नास्तिक प्राध्यापक निव्वळ खलनायक. शेवटी गाडीची धडक देऊन मरता मरता त्याच्याकडून श्रद्धा कबूल करून घेतली! समोरच्याची बाजूच लेचीपेची ठेवायची, मग जिंकण्यात कसली मजा? लग्न, व्यसन, माफी हे विषय मात्र ही मंडळी हॉलिवूडपेक्षा मनापासून हाताळतात, एवढं मान्य.