हेलिकॉप्टर राहू द्या, आधी ओढ्यातल्या मेलेल्या कोंबड्या उचला

आमच्या माणदेशातल्या एका ग्रुपवर कॅनडातला एक व्हिडिओ फिरतोय. बर्फावर पळणारे लांडगे आणि वरून हेलिकॉप्टरमधून गोळ्या. खाली मजकूर, "हरणं वाचवायला तिथलं सरकार लांडगे मारतंय, आणि आपल्याकडं लांडग्याला नुसता हात लावा, थेट जेल." त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. मग निसर्गप्रेमी मंडळी आली. निसर्ग आपला समतोल आपण राखतो, माणसानं ढवळाढवळ करू नये, वगैरे. मी जनावरांचा डॉक्टर. माण, आटपाडी, खानापूर या पट्ट्यातल्या शेरडा-मेंढरांवर आणि म्हशींवर माझं पोट आहे. मला या दोन्ही पार्ट्यांशी भांडायचंय, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी निसर्गप्रेमींना न आवडणारं सांगतो. कॅनडात लांडगे मारल्यावर कळप वाचलेत. ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा या प्रांतांत कॅरिबू नावाचं मोठ्या शिंगांचं हरीण आहे. युरोपातला रेनडिअर म्हणजे हाच प्राणी. मादीला वर्षाला एकच पाडस होतं, त्यामुळं कळप एकदा खाली आला की सावरायला फार वेळ लागतो. क्लिन्से-झा नावाच्या कळपात २०१३ मध्ये ३८ जनावरं उरली होती. वेस्ट मोबर्ली आणि सोल्टो या तिथल्या आदिवासी समाजांनी पुढाकार घेतला. गाभण माद्या पकडून डोंगरात कुंपणाच्या आत ठेवायच्या, पाडसं जरा हिंडाय-फिरायला लागली की सोडायची, आणि कुंपणाला माणसांचा पहारा. जोडीला त्या भागातले लांडगे कमी केले. २०२१ मध्ये कळप १०१ वर गेला. "निसर्ग आपला आपण राखतो" म्हणत बसले असते, तर आज तिथं मोजायला काही उरलं नसतं.

आता अंगठेवाल्यांसाठी. अल्बर्टातल्या लिटल स्मोकी कळपासाठी २००५ पासून सात हिवाळे लांडगे मारले. ८४१ लांडगे गेले. हाती काय लागलं? कळपाची घसरण थांबली, पण कळप वाढला मात्र नाही. त्यात स्ट्रिक्नीनचं विषही वापरलं. विष लांडग्याचं नाव विचारून थोडंच मारतं, त्यात कावळ्यांच्या जातीचे रेव्हन मेले, कोल्हे मेले. दक्षिण सेलकर्क नावाचा दुसरा कळप थेट अमेरिकेच्या हद्दीपर्यंत फिरायचा. तिथंही लांडगे मारले. २०१८ मध्ये त्या कळपात तीन माद्या उरल्या, आणि २०१९ च्या जानेवारीत शेवटची मादी उचलून दुसरीकडच्या कुंपणात नेली. कळप संपला.

एकीकडं जमलं आणि एकीकडं नाही, याचं कारण लांडग्यात कमी आणि करवतीत जास्त आहे. कॅरिबू जुन्या, घनदाट जंगलात राहतो. हिवाळ्यात त्याचं खाणं म्हणजे मुख्यतः झाडांवरचं आणि जमिनीवरचं लायकेन. आपल्या काळ्या मसाल्यातलं दगडफूल त्याच जातकुळीतलं. असं जंगल तयार व्हायला शंभर-शंभर वर्षं लागतात. लाकडासाठी ते तोडलं की त्या जागी कोवळी झुडपं उगवतात. कोवळ्या पाल्यावर मूस आणि इतर हरणं वाढतात, आणि त्यांच्या जिवावर लांडगे वाढतात. कॅरिबू हे लांडग्याचं मुख्य खाणं नव्हेच, वाढलेल्या लांडग्यांच्या वाटेत आला म्हणून तो मरतो. त्यात तेलाच्या शोधासाठी जंगलातून सरळ रेषेत पट्टे पाडलेत, आणि त्या पट्ट्यांवरून लांडगा कमी वेळात जास्त मुलूख पालथा घालतो. म्हणजे जंगल कापलं माणसानं आणि गोळी खाल्ली लांडग्यानं. क्लिन्से-झाच्या लोकांना हे कळलेलं होतं. ते लांडगे मारून थांबले नाहीत. २०२० मध्ये त्यांनी सरकारशी करार करून मोठा मुलूख तोडीतून सोडवून घेतला. तोड चालूच ठेवली तर लांडगे कायमचे मारत बसावं लागतं, दर हिवाळ्याला, हेलिकॉप्टरच्या भाड्यासकट.

आपल्याकडं हा प्रयोग झालाच नाही, असं मात्र नाही. इंग्रजांनी शिकारी प्राण्यांच्या डोक्यावर बक्षिसं लावली होती. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाने १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८० हजारांवर वाघ, दीड लाखांवर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. एवढे शिकारी कमी झाल्यावर काळविटांचे कळप माळावर मावायला नको होते. झालं उलटं. बंदूक आणि नांगर त्यांच्याही मागं लागले होते.

आणि शिकारी न मारता कळप वाचवल्याचं उदाहरणही आपल्याच देशातलं आहे. मध्य प्रदेशातल्या कान्हात १९७० मध्ये कठीण जमिनीवरच्या बारशिंग्याची सगळी मिळून ६६ जनावरं उरली होती. वाघ शिरणार नाही असं कुंपण घालून त्यात काही बारशिंगे वाढवले, जंगलातली गावं हलवून गवताची कुरणं मोकळी केली. आज ही संख्या हजाराच्या घरात आहे, काही जनावरं सातपुड्यात नेऊन वसवलीत. एकही वाघ मारावा लागला नाही.

सांगलीकरांना तर लांब जायचीही गरज नाही. देवराष्ट्रेजवळचं सागरेश्वर बघा. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर झाडं लागली आणि जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं अभयारण्य उभं राहिलं. आत सांबर, चितळ, काळवीट. त्यांना धाक बसेल असा मोठा शिकारी कित्येक वर्षं आत नव्हता. हरणं वाढली, चारा अपुरा पडला आणि कुंपणाबाहेरच्या शेतकऱ्यांची पिकं जायला लागली. आता त्यातलीच चितळं चांदोलीत नेऊन सोडतात, कारण तिथं वाघ आणायचा तर त्याच्या पोटाला काहीतरी हवं. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाहून वाघीण चांदोलीत आणली, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या काहींनी "आता हे नवीन संकट" म्हणून गळा काढला. हीच मंडळी सागरेश्वरची हरणं ज्वारी खातात म्हणून निवेदनं देत होती! असो.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या माळावर कोणता शिकारी प्राणी जास्त झालाय? ग्रुपवर सगळ्यांचं उत्तर तयार असतं, लांडगा. मी रोज जखमा शिवतो, माझं उत्तर वेगळं आहे. मोकाट कुत्री.

लांडगा वाघरीजवळ, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाजवळ, येतो तो पोटासाठी. मेंढराचा गळा धरतो आणि जमलं तर उचलून नेतो. कुत्र्यांची टोळी शिरली की मागच्या मांड्या फाडलेल्या, शेपटीकडचा भाग लोंबतोय, पाच-सात जनावरं अर्धमेली पडलीत आणि खाल्लं कुणीच फारसं नाही. नेहमीच हे असं स्वच्छ वेगळं दिसतं असं नाही, पण बहुतेक वेळा दिसतं. आणि धनगरालाही दिसतं. त्याला लांडगा आणि कुत्रं यातला फरक मी शिकवायचा म्हणजे कमालच झाली.

मग पंचनाम्यात लांडगा कुठून येतो? भरपाईतून येतो. लांडगा, बिबट्या, तरस यांनी जनावर मारलं तर वनखातं पैसे देतं. कुत्र्यांनी मारलं तर कुणीच देत नाही. ग्रामपंचायत म्हणते आमची कुत्री नाहीत, वनखातं म्हणतं हा वन्यप्राणी नाही. आता ज्याची चार मेंढरं एका रात्रीत गेली तो काय सांगेल? मी त्याला दोष देत नाही, त्याच्या जागी मीही लांडगाच म्हटलो असतो. पण अशानं कागदावर लांडगा वाढत जातो, आणि त्याच कागदाच्या आधारानं कुणीतरी उद्या हेलिकॉप्टर मागतो.

मेंढराला निदान मालक आहे, माझ्यासारखा शिवणारा आहे. चिंकारा आणि काळविटाला कोण आहे? लांडगा आणि चिंकारा हजारो वर्षं एकाच माळावर राहिलेत. हरीण कमी झालं की लांडग्याचीही उपासमार होते, त्याची पिल्लं जगत नाहीत, आणि हरणाला जरा सवड मिळते. कुत्र्याचं तसं नाही. माळावर एकही हरीण उरलं नाही तरी त्याचं जेवण ठरलेलं, गावाच्या उकिरड्यावर, ढाब्यामागं, आणि सगळ्यात जास्त पोल्ट्रीच्या मेलेल्या कोंबड्यांवर. पोती भरून ओढ्यात टाकलेल्या कोंबड्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात, नाक दाबून पुढं गेलोय. त्यामुळं शिकार संपली तरी हा शिकारी कमी होत नाही, उलट कुत्रीला वर्षात दोनदाही पिल्लं होऊ शकतात. कॅनडात कोवळ्या झुडपांवरच्या मूसनं जे काम केलं, ते इथं आपल्या कचऱ्यानं केलंय.

बरं, नुसत्या दातांचा प्रश्न नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर अबी वनक या संशोधकांनी खोकडांचा, म्हणजे माळावरच्या लहान कोल्ह्यांचा, अभ्यास केला. जिथं कुत्री असतात तिथं खोकड खाणं शोधायचं सोडून दबकत राहतं. रेबीज तर आहेच, शिवाय डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग. २०१८ मध्ये गीरचे सिंह मेले, त्यात हाच रोग निघाला होता. आणि पुण्याजवळ लांडगा-कुत्र्याची संकरित जनावरंही जनुकीय तपासणीत सिद्ध झालीत. म्हणजे गोळी न झाडताही लांडगा संपेल, त्याच्यात कुत्रं मिसळून.

माळाचंही बोललं पाहिजे. टेंभू योजनेचं पाणी आलं, उरमोडी धरणाचं आलं. मी त्या पाण्याच्या बाजूचा आहे. चारा छावणीत जनावरं तपासलेला कुठलाही डॉक्टर पाण्याच्या विरोधात बोलणार नाही. पण पाणी आलं की कुसळीच्या गवताचा माळ आधी डाळिंब होतो आणि मग ऊस. हरणाचा मुलूख आक्रसतो, आणि उसात रानडुक्कर आणि बिबट्या येतो. मग पुन्हा सगळे ओरडायला मोकळे, शिकारी वाढले! सरकारी कागदावर ज्याला पडीक जमीन म्हणतात, त्यातले काही तुकडे तरी गवतासाठी राखले नाहीत, तर कुत्री आवरूनही हरीण राहायचं कुठं?

आता प्रत्येकाला माहीत असलेली कॉमेंट येईल, "डॉक्टर, मग कुत्र्यांना गोळ्या घालू का?" नाही. विष तर मुळीच नाही. थायमेट लावलेल्या मढ्यावर कुत्र्याआधी तरस, घार आणि एखाद्या धनगराचं राखणीचं कुत्रंही पोचतं. राखणीच्या कुत्र्याबद्दल माझी तक्रारच नाही. ते वाघरीला बांधील असतं, त्याला मालक असतो, लसही बहुतेक वेळा आम्हीच टोचतो. २०२३ च्या नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्याची नसबंदी करून, लस टोचून ते होतं तिथंच सोडायचं असतं. शहराच्या गल्लीला हे ठीक असेल. पण चिंकाऱ्याच्या माळाला खेटून असलेल्या उकिरड्यावर ते परत आणून सोडायचं म्हणजे काय? नसबंदी झालेलं कुत्रं पिल्लं घालत नाही, पळणाऱ्या पाडसामागं मात्र तितक्याच जोरात धावतं. अशा भागासाठी वेगळा नियम हवा, कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायची सोय हवी. खर्च येईल. वाघिणीला ताडोबाहून आणायलाही आलाच की.

आणि तोवर कमी खर्चात होणारी दोन कामं आहेत. पोल्ट्रीवाल्यांनी मेलेल्या कोंबड्या चुन्यासकट खोल खड्ड्यात पुराव्यात, आणि ग्रामपंचायतीनं ते खरंच होतंय का ते बघावं. दुसरं वनखात्यासाठी. जनावर दगावल्याच्या पंचनाम्यात "मोकाट कुत्री" असा एक रकाना टाका, आणि त्या रकान्यावर खूण झाली तरी चार पैसे कुठून मिळतील ते जिल्हा परिषदेशी बसून ठरवा. दोन वर्षं खरी नोंद होऊ द्या. मग लांडगे किती आणि त्यांचं काय करायचं, यावर पाहिजे तेवढं भांडू.