प्रॅक्टिकल म्हणजे कुणाच्या खिशातनं?

इलेक्शन आली की आमच्या सांगलीत मार्केट यार्डापासनं एसटी स्टँडपर्यंत एक वाक्य हमखास कानावर येतं, विचारधारा घाला चुलीत, काम करणारा प्रॅक्टिकल माणूस द्या. हातात पैसा नसला की अजून जोरात. मला हे अर्धंच पटतं, आणि त्यासाठी श्रीलंकेकडं बघा म्हणतो, कारण 2024 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिथल्या लोकांपुढं हाच पेच होता.

आधी पटणारं अर्धं. 2021 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षेंनी रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. डॉलर वाचवायचा हिशोब पण त्यात होता, पण लोकांना सांगितलं की आपला देश सेंद्रिय होणार. आता आपल्या भागात उसाला मोठ्या बांधणीच्या टायमाला खत मिळालं नाही तर काय होतं हे कुणाला सांगायची गरज नाही. सेंद्रियला माझा विरोध नाही, ताग गाडणारी, शेणखतावर भर देणारी चांगली माणसं माझ्या ओळखीत आहेत, पण जमीन तयार व्हायला वर्षं जातात, ती जीआर काढून एका हंगामात होत नाही. भात घटला, चहाला फटका बसला आणि तांदळात जवळपास स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ बाहेरनं आणायला लागला. त्याआधी 2019 ला व्हॅट, म्हणजे वस्तू-सेवांवरचा कर, 15 वरनं 8 टक्क्यांवर आणून तिजोरी रिकामी केलेलीच होती, वर कोविडनं पर्यटन बसलं. एप्रिल 2022 मध्ये परकीय कर्ज फेडणं थांबवलं, पेट्रोल-गॅससाठी रांगा, सप्टेंबरात महागाई 70 टक्क्यांच्या आसपास. राजपक्षे जुलैतच देश सोडून पळाले होते.

मग राष्ट्राध्यक्ष म्हणून आले रानिल विक्रमसिंघे, पक्के प्रॅक्टिकल. आयएमएफकडनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडनं, जवळपास 3 अब्ज डॉलरचा कर्ज-कार्यक्रम मंजूर करून घेतला, रांगा संपल्या, महागाई एक आकड्यात आली. हे त्यांचं काम मोठंच आहे. तरी 2024 ला त्यांना मतं पडली 17 टक्के! लोक येडे होते का? अजिबात नाही. देश सावरला पण बिल कुणी भरलं, तर वीजबिल कितीतरी पट वाढलेल्या घरानं, आणि 18 टक्के व्हॅट, जो मजुराला पण तेवढाच आणि बंगलेवाल्याला पण तेवढाच. प्रॅक्टिकल निर्णय कुणाच्या खिशातनं होणार हे ठरवायला शेवटी विचारच लागतो, आणि विचार नाही म्हणणारा सुद्धा ते ठरवतच असतो, फक्त बोलून दाखवत नाही.

निवडून आले अनुरा कुमारा दिसानायके. मार्क्सवादी जेव्हीपीचे (जनता विमुक्ती पेरामुना), ज्या पक्षानं 1971 ला आणि पुन्हा 87-89 ला सशस्त्र उठाव केले होते. 2019 ला यांना 3 टक्के मतं, 2024 ला 42. बरेच जण म्हणत होते आता आयएमएफला हाकलणार, देश परत खड्ड्यात. तसं झालं नाही. कार्यक्रम मोडला नाही, आधीच्या सरकारनं ठरवलेली कर्जाची फेररचना पुढं नेली, आणि पक्षाचा भारतविरोधाचा जुना इतिहास असताना पहिला परदेश दौरा दिल्लीचा केला. पण त्याच चौकटीत पगारदारांची आयकर माफीची मर्यादा महिन्याला 1 लाखावरनं दीड लाख श्रीलंकन रुपये केली. काही जण याला तत्त्व सोडलं म्हणतात. मी नाही म्हणणार. पद्धत बदलली, माणसं कुठली डोळ्यासमोर ठेवायची ते बदललं नाही, निदान आत्तापर्यंत तरी.

आणि हे आपल्या मातीत नवीन पण नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच सातारा-सांगलीच्या गावांत चाललं, त्यात विचार होता म्हणूनच गावात न्यायनिवाडा झाला, सावकाराला चाप बसला, कमी खर्चात लग्नं लागली. नुसती भाषणं करून गावानं भूमिगतांना भाकरी घातली नसती आणि नुसती व्यवस्था लावणाऱ्यासाठी कुणी इंग्रजांच्या गोळ्या झेलल्या नसत्या.

म्हणून पुढच्या वेळी कुणी प्रॅक्टिकल उमेदवार म्हणून दारात आला तर त्याला एवढंच विचारा, पैसा कुठनं आणणार, आणि कमी पडला तर पहिली कात्री कुणाला लावणार? आदर्शाच्या गप्पा मारणाऱ्याला पण हेच विचारा.

दिसानायकेंची खरी परीक्षा अजून व्हायचीच आहे. 2028 पासनं परकीय कर्जाचे मोठे हप्ते सुरू होणार, तेव्हा चहाच्या मळ्यातल्या बायांचा विचार आधी होतो का कर्ज देणाऱ्या बाँडवाल्यांचा, हे मी तरी बारकाईनं बघणार आहे.