सहा महिन्यांचे अध्यक्ष व्हायचंय?

अभिनंदन! युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेचं (सगळ्या सदस्य देशांचे मंत्री बसून कायदे ठरवतात ती) अध्यक्षपद तुमच्या देशाकडे आलंय. देश 27, प्रत्येकाला सहा महिने, म्हणजे ही भिशी पुन्हा लागायला साडेतेरा वर्षं. तेवढ्यात हात धुऊन घ्या.

आधी लोगो. मग पाहुण्यांना वाटायला टाय आणि स्कार्फ. (थट्टा नाही, खरंच वाटतात.) मग बोधवाक्य. हंगेरीने 2024 मध्ये 'मेक युरोप ग्रेट अगेन' घेतलं होतं, त्यामुळे डोकं चालवायची सक्ती नाही.

वेबसाइट मात्र कोरी करकरीत हवी. आधीच्या देशाची वापरली तर नाक कापलं जाईल. गेल्या आठवड्यात मला एका अनौपचारिक बैठकीची विषयपत्रिका हवी होती. लिंक दाबली, पान गायब. जुन्या अध्यक्षांकडे फोन केला: "आमची मुदत संपली, नव्यांना विचारा." नवे म्हणाले, "ते आमच्या आधीचं." अहो, ब्रसेल्समधली इमारत तीच, सचिवालय तेच, कार्यगट दीडशेच्या वर आणि तेही तेच! जानेवारी आणि जुलै उजाडला की रंग, चेहरे आणि पत्ता तेवढा बदलायचा. तीन-तीन देशांनी मिळून अठरा महिन्यांचा कार्यक्रम आखायची पद्धत आहे म्हणे. आखतातही. पण तिघांत मिळून एक वेबसाइट? छे! प्रत्येकाचा कॅलेंडर वेगळा, प्रत्येकाचा शोधायचा रकाना वेगळ्या कोपऱ्यात, आणि मुदत संपली की आपण बसायचं बोंबलत.

परराष्ट्र धोरणाची हौस असेल तर फिरून घ्या. परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठका संघाच्या परराष्ट्र धोरणप्रमुख काया कालास चालवतात, नेत्यांची शिखर परिषद तिचे कायम अध्यक्ष आंतोनियु कोश्ता. तुमचा तिथे संबंध नाही. म्हणून काय झालं? हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान पहिल्या आठ दिवसांतच 2 जुलैला कीव, 5 ला मॉस्को, 8 ला बीजिंग करून आले. बाकीचे ओरडले की हे आमच्या वतीने बोलत नाहीत. ओरडेनात का, फोटो निघाले.

मायदेशी सरकार टिकलंच पाहिजे असंही नाही. चेक सरकार 2009 मध्ये ऐन अध्यक्षपदात पडलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: अवघड फाइल उघडायची नाही. 'प्रगती अहवाल' लिहायचा, प्रगती झाली नाही हे त्यात चार पानांत सांगायचं आणि फाइल पुढच्याच्या टेबलावर. धर्म, वय, अपंगत्व, लैंगिक कल यांवरून नोकरीबाहेरही भेदभाव होऊ नये, या कायद्याचा प्रस्ताव जुलै 2008 चा आहे. तेव्हापासून तीसहून जास्त अध्यक्ष झाले.

तीसहून जास्त! एकमत लागतं, ठाऊक आहे. एका देशाने पाय अडवला की गाडी थांबते, तेही ठाऊक आहे. पण पाय अडवणाऱ्याला सहा महिनेच तर काढायचे असतात, आणि खुर्चीवरच्यालाही. अधिकारी बिचारे रात्र-रात्र मसुदे घासतात. मंत्रिमहोदय, तुम्ही काय करता? अपंग म्हणून भाड्याने घर नाकारलेल्या माणसाला काय दाखवणार, तुमचा स्कार्फ? मत द्यायचं नसेल तर तोंडाने 'नाही' म्हणा, आपल्या देशाच्या नावासकट. पुढच्याच्या अंगावर ढकलून फोटोला हसत उभे राहता, लाज वाटत नाही?