कपात थांबली म्हणजे भरती सुरू झाली असे नव्हे

माझी भाची गेले अकरा महिने नोकरी शोधते आहे. परवा तिच्या काकांनी तिला व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश पाठवला आणि वर ‘वाच आणि विचार कर’ अशी ओळही जोडली. संदेशातील दावा थोडक्यात असा: मंदीत बेरोजगारी वाढते ती केवळ नोकरकपातीमुळे, कपात थांबली की बेरोजगारीही ओसरते, त्यानंतर सहा महिने जो घरी बसून आहे त्याला काम नकोच आहे, आणि कपातीवर कायद्याने बंदी घातली की प्रश्न कायमचा मिटेल. भाचीने उत्तर दिले नाही. तिच्या वहीत अर्जांची तारीखवार यादी आहे आणि बहुतेक नोंदींपुढे ‘उत्तर नाही’ एवढेच लिहिलेले आहे. ती वही मी पाहिली असल्यामुळे मला गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा हिशेबातच चुकतो. बेरोजगारी दोन दरांवर ठरते: नोकरदारांपैकी दरमहा किती जण बेरोजगार होतात आणि बेरोजगारांपैकी किती जणांना दरमहा काम मिळते. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शायमर यांनी १९५१ ते २००३ या काळातील अमेरिकेसाठी हे सरासरी दर अनुक्रमे ३.४ आणि ४५ टक्के असे काढले. हे दर टिकून राहिले तर बेरोजगारी ७ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. आता एकाही जादा माणसाला काढू नका, फक्त काम मिळण्याचा दर ४५ वरून २५ वर आणा. बेरोजगारी १२ टक्क्यांकडे जाते. शायमर यांच्याच २०१२ च्या निबंधानुसार, अमेरिकेत १९४८ पासून बेरोजगारीत झालेल्या चढउतारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाटा काम मिळण्याच्या दरातील बदलांचा होता.

आता ‘काम नकोच आहे’ या वाक्याकडे वळतो, कारण खरा संताप त्याचाच आहे. वरचेच दर घ्या आणि शोधणाऱ्या प्रत्येकाची खटपट तसूभरही कमी झालेली नाही असे धरा. दरमहा ४५ टक्के संधी असताना शंभरातील जेमतेम तीन जण सहा महिन्यांनंतरही बेरोजगार राहतात. संधी २५ टक्क्यांवर आली की अठरा जण राहतात, आणि अकरा महिन्यांनंतरही चार जण उरतातच. हे जादा पंधरा जण एकाच वेळी आळशी झाले, असे म्हणायचे आहे का? अमेरिकेत २००९ च्या उन्हाळ्यात दर रिकाम्या जागेमागे सहाहून अधिक बेरोजगार होते. २०१० मध्ये कपातीचे प्रमाण मंदीपूर्व पातळीच्या जवळ परतले होते, तरीही त्या वर्षाची सरासरी बेरोजगारी ९.६ टक्के होती. म्हणजे कपात थांबली होती, पण भरती आखडलेलीच होती. त्यात आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: मंदीत माणसे आपणहून नोकरी सोडत नाहीत, त्यामुळे एरवी राजीनाम्यांमुळे मोकळ्या होणाऱ्या जागाही मोकळ्या होत नाहीत.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. मंदीच्या तोंडावर कपातच आधी उसळते, आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील बेरोजगारी १४ टक्क्यांपुढे गेली ती मुख्यतः अचानक घरी बसवलेल्या कामगारांमुळेच. शायमर यांच्या मोजणीत कपातीचा वाटा कमी धरला गेला, असा आक्षेप घेणारे अभ्यासकही आहेत. युरोपातील बऱ्याच देशांत तो वाटा निम्म्याच्या जवळ जातो. म्हणून ‘कपातीमुळेही’ असे संदेशात असते तर माझी तक्रार नव्हती. ‘केवळ’ या शब्दाने घोटाळा केला आहे.

बंदीच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. ज्याला पुढे काढता येणार नाही त्याला घेताना मालक दहादा विचार करतो. पश्चिम युरोपातील मुख्य भूमीवरच्या अनेक देशांत नोकरी जाण्याचा दर अमेरिकेपेक्षा बराच कमी आहे, पण बेरोजगाराला काम मिळण्याचा मासिक दरही १० टक्क्यांखाली राहत आला आहे. याचे कारण एकटा कायदा नसेलही. तरी जो आत आहे त्याची नोकरी बंदीने फार तर टिकेल, आणि माझी भाची तर बाहेर उभी आहे.